पाणी तोलणारे अबू रैहान अल-बिरुनी

इफ्तारला पाचेक मिनिटे उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कापलेली फळे, भजी मांडून झालेली असतात आणि सरबताच्या जगमध्ये बर्फाचे तुकडे वर तरंगत असतात. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या रोजेदाराची नजर त्या जगवरून हटत नाही. मनात तहान असते आणि कान अजानकडे लागलेले असतात. बर्फ पाण्यावर का तरंगतो, तळाशी का जात नाही, असा प्रश्न त्या वेळी सहसा कोणाला पडत नाही. साधारण एक हजार वर्षांपूर्वी तो एका तरुणाला पडला आणि त्याने तो पत्रात लिहून दूरच्या शहरातल्या दुसऱ्या एका तरुणाला विचारला.

विचारणारे होते अबू रैहान अल-बिरुनी. तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे होते. ज्यांना विचारला ते इब्न सीना, पुढे जगभर हकीम म्हणून नावाजले गेलेले. ते त्या वेळी जेमतेम विशीला टेकलेले. बिरुनींनी त्यांच्याकडे एकूण अठरा प्रश्न पाठवले. दहा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या आकाशाविषयीच्या ग्रंथावर होते आणि आठ त्यांचे स्वतःचे. या आठांतले काही अगदी घरगुती वाटतील असे आहेत. उष्णतेने वस्तू फुगते आणि थंडीने आक्रसते असे म्हणता, तर मग पाण्याने भरलेली बाटली पाणी गोठल्यावर फुटते कशी? बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? पाणी भरलेल्या गोल काचेच्या भांड्यातून ऊन जाते तेव्हा पलीकडची वस्तू जळते, मग तेच भांडे रिकामे असताना का जळत नाही?

यातला बर्फाचा प्रश्न किती अडचणीचा आहे, हे समजायला आपल्या घरातले खोबरेल तेल पुरे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तेल थिजते. बाटली उन्हात ठेवली की कडेचे तेल आधी पातळ होते आणि थिजलेला गोळा तळाशी बसतो. तुपाचे, मेणाचे तसेच. पातळ पदार्थ घट्ट झाला की तो आक्रसतो, जड होतो, बुडतो. जगातले बहुतेक पदार्थ हा नियम पाळतात. पाणी पाळत नाही. चार अंश सेल्सिअसपर्यंत ते इतरांसारखे आक्रसते आणि त्याखाली गेले की उलट फुगू लागते. गोठताना तर त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला पाण्याचे असंगत आचरण म्हटले आहे. बिरुनींच्या काळी हे नाव नव्हते आणि तापमान मोजायचे साधनही नव्हते. सगळी सृष्टी माती, पाणी, हवा आणि आग या चार तत्त्वांची बनलेली आहे, ही समजूत पक्की होती. इब्न सीनांनी उत्तरे दिली ती त्याच चौकटीतली. बिरुनींचे समाधान झाले नाही. त्यांनी पुन्हा लिहिले, भाषा तिखट होत गेली, आणि शेवटी इब्न सीनांनी उत्तर देण्याचे काम आपल्या अल-मासूमी नावाच्या शिष्याकडे सोपवून हात झटकले. दोन थोर माणसांमधला हा खटका वाचताना मला गंमत वाटते. दोघेही तरुण होते, दोघांनाही आपल्या हुशारीची जाणीव होती, आणि वाद चालला होता बर्फाच्या तुकड्यावरून.

बिरुनींचा जन्म सप्टेंबर ९७३ मध्ये ख्वारिझ्म प्रांतातल्या काथ या शहरात झाला. आज हा भाग उझबेकिस्तानात येतो आणि त्या गावाला आता त्यांचेच नाव आहे. फारसीत बिरून म्हणजे बाहेर; शहराबाहेरच्या वस्तीतला म्हणून ते बिरुनी. राजघराण्यातले गणिती अबू नस्र मन्सूर यांनी त्यांना शिकवले. सतरा वर्षांचे असताना त्यांनी सूर्याची उंची मोजून आपल्या शहराचे अक्षांश काढले. पुढे ९९५ मध्ये ख्वारिझ्ममध्ये सत्तेसाठी मारामारी झाली, गुरूंचे घराणे पडले आणि बिरुनींना गाव सोडून पळावे लागले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी वणवण केली. पण २४ मे ९९७ च्या रात्री ते पुन्हा काथमध्ये होते आणि आकाशाकडे पाहत होते. त्या रात्री चंद्रग्रहण होते. बगदादचे प्रसिद्ध गणिती अबुल वफा यांच्याशी त्यांनी आधीच ठरवले होते की दोघांनी आपापल्या शहरातून ग्रहणाची वेळ टिपायची. दोन वेळांतल्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतला फरक निघाला. आज रत्नागिरीची सहरी आणि इफ्तारची वेळ मुंबईच्या किंवा नागपूरच्या वेळेपेक्षा वेगळी का, हे सांगणारे गणित याच जातीचे आहे.

मग कॅस्पियन समुद्राजवळच्या गुरगानचा राजा काबूस याने त्यांना आश्रय दिला. तिथे सन १००० च्या सुमारास त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. इराणी, सोग्दी, यहुदी, ख्रिस्ती, इस्लामपूर्व अरब, कोणाचे वर्ष कधी सुरू होते, कोणाचा सण कोणत्या दिवशी येतो, हे सगळे त्यात आहे. या राजाविषयी इथे अधिक काही सांगण्यासारखे नाही.

१००४ च्या आसपास बिरुनी मायभूमीला परतले. राजधानी आता गुरगंज होती. अरबीत तिला जुर्जानिया म्हणत. तिथल्या शाहच्या दरबारात त्यांना मान मिळाला, थोडे स्थैर्य मिळाले, आणि इथेच त्यांनी ते काम केले ज्यासाठी मी आज त्यांच्यावर लिहितो आहे.

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक तक्ता असतो. पाणी, मीठ, अल्कोहोल, पारा, लोखंड अशी नावे एका बाजूला. समोर घनता, द्रवणांक, उत्कलनांक, अप्रकट उष्मा असे रकाने. विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाहतात. हे आकडे कोणीतरी कधीतरी एकेक करून, हाताने, पुन्हा पुन्हा मोजून काढले, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. या तक्त्यातला घनतेचा रकाना ज्यांनी प्रथम नेटाने भरायला घेतला, त्यांत बिरुनी येतात.

प्रश्न सराफाच्या दुकानातला होता. सोन्यात चांदी किंवा तांबे मिसळले आहे की नाही हे न वितळवता, न कापता कसे ओळखायचे? ग्रीक पंडित आर्किमिडीजची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तत्त्व साधे आहे. वस्तू काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवली की तिच्या आकाराएवढे पाणी बाहेर पडते. बाहेर पडलेले पाणी तोलले की वस्तूचे आकारमान कळते आणि वजनाशी त्याचा मेळ घातला की ती वस्तू अस्सल की भेसळीची हे कळते. तत्त्व सांगणे सोपे. तोलायला बसले की अडचणी सुरू होतात.

बिरुनींनी एक शंकूच्या आकाराचे भांडे तयार करवले. तळाशी रुंद, वर मान अरुंद. मान अरुंद असल्याने पाण्याची पातळी किंचितही चढली तरी लगेच दिसे. मानेला बाजूने एक वाकडी नळी जोडलेली होती आणि नळीच्या तोंडाखाली तराजूचे पारडे. भांडे नळीपर्यंत भरायचे, त्यात धातूचे तुकडे सोडायचे आणि नळीतून पारड्यात पडलेले पाणी तोलायचे. पण पाणी नळीत अडून राही. थेंब तोंडाशी लटके आणि खाली पडेना. पावसाळ्यात पन्हळीच्या टोकाला थेंब कसा लोंबकळतो, ते आपण कोकणातल्या माणसांनी रोज पाहिलेले आहे. त्याचे कारण आज आपण पृष्ठीय ताण असे सांगतो. बिरुनींच्या हिशेबात तो एक थेंबही घोळ घालणारा होता, कारण ते गुंजाभराचा फरक शोधत होते. त्यांनी नळी बदलून पाहिली, तिचा आकार बदलला, तिला बारीक छिद्रे पाडली, आणि पाणी अडायचे थांबेपर्यंत हा खटाटोप चालू ठेवला.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पाणी म्हणजे पाणी, ते सगळीकडे सारखेच, असे आपण धरून चालतो. बिरुनींनी तसे धरले नाही. विहिरीचे पाणी वेगळे, नदीचे वेगळे, समुद्राचे वेगळे. उन्हाळ्यातले वेगळे, थंडीतले वेगळे. गोडे आणि खारे, गार आणि ऊन पाणी यांच्या वजनातला फरक त्यांनी तपासला होता. म्हणून त्यांच्या प्रयोगांबरोबर ही नोंद आलेली आहे की ते जुर्जानिया शहरात, शरद ऋतूच्या सुरुवातीला, जैहून नदीच्या म्हणजे आमूदर्याच्या पाण्याने केले. कुठे केले, कधी केले, कोणत्या पाण्याने केले. आज कोणताही विद्यार्थी प्रयोगवहीत तापमान लिहायला विसरला तर त्याचे गुण कापतात. थर्मामीटर नसलेल्या काळात ऋतू आणि नदी लिहून ठेवणे म्हणजे तापमान लिहिण्यासारखेच होते.

हा फरक आपल्या भाट्याच्या खाडीत होडी घेऊन जाणाऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. भर समुद्रात होडी थोडी वर उचललेली असते. खाडीतून आत गोड्या पाण्याकडे जाल तशी ती थोडी खाली बसते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच-तीन टक्क्यांनी जड असते, एवढेच त्याचे कारण.

सोने शंभर मिस्काल धरले तर तेवढ्याच आकाराचा पारा, शिसे, चांदी, पितळ, तांबे, लोखंड, कथील किती भरेल, असा तक्ता त्यांनी केला. रत्नांसाठी सोन्याऐवजी नीलम प्रमाण धरला आणि माणिक, पाचू, लाजवर्द, मोती, अकीक, पोवळे, स्फटिक हे सगळे त्याच्याशी ताडून पाहिले. आधुनिक अभ्यासकांनी हे आकडे आजच्या पद्धतीत बदलून पाहिले तेव्हा सोन्याची सापेक्ष घनता १९.२६ आली, आज आपण १९.३ धरतो. तांबे ८.९२ आले, आज ८.९६. शिसे ११.४० आले; आज ११.३४. लोखंड ७.८२ आले, आज ७.८७. पारा मात्र १३.७४ आला, तो आजच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त आहे. तराजू हातातला, भांडे कारागिराने ठोकून केलेले आणि शुद्ध धातू मिळण्याची मारामार, हे लक्षात घेतले तर एवढी चूक मी सहज माफ करीन.

धातूंवरचा हा निबंध लोकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः दुसऱ्या एका माणसामुळे. बिरुनींच्या नंतर सुमारे सत्तर वर्षांनी, हिजरी ५१५ मध्ये म्हणजे ११२१-२२ मध्ये, मर्व शहरात अल-खाजिनी नावाच्या विद्वानाने तराजूवर एक ग्रंथ लिहिला. खाजिनी मुळात ग्रीक वंशाचे गुलाम होते. मालकाने त्यांना शिकवले आणि ते सुलतान संजरच्या दरबारापर्यंत पोहोचले. ग्रंथाचे नाव मीजानुल हिकमा, शहाणपणाचा तराजू. मीजान हा शब्द कुरआन वाचणाऱ्याला नवा नाही; रमजानच्या तरावीहमध्ये सूरह रहमान येते तेव्हा तो कानी पडतोच. खाजिनींनी बिरुनींची सगळी मोजमापे नाव घेऊन आपल्या ग्रंथात उतरवली आणि पुढे द्रवांचीही भर घातली. गोडे पाणी एक धरले तर त्यांच्या तक्त्यात कढत पाणी ०.९५८ आहे आणि ऑलिव्हचे तेल ०.९२०. कढत पाण्याचा आजचा आकडाही ०.९५८ आहे. गाईच्या दुधाचा १.११० हा आकडा मात्र चुकला आहे. दूध इतके जड नसते. एकोणिसाव्या शतकात निकोलाय खानिकोव नावाच्या रशियन मुत्सद्द्याने हा ग्रंथ उजेडात आणला तेव्हा युरोपातल्या लोकांनाही हे आकडे पाहून नवल वाटले.

आणि याच तक्त्यात बर्फ आहे. आकडा ०.९६५. आजच्या हिशेबाने तो ०.९१७ हवा, म्हणजे अचूक नाही. पण एकापेक्षा कमी आहे. बर्फ का तरंगतो, असे बिरुनींनी तरुणपणी विचारले होते. तो तेवढ्याच पाण्यापेक्षा हलका असतो, आणि किती हलका, हे शंभरेक वर्षांत तराजूने सांगितले. तो हलका का होतो, हे समजायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून जाळी करतात आणि त्या जाळीत मोकळी जागा राहते.

बर्फाचा आणखी एक गुण मिरकरवाडा बंदरावर रोज कामाला येतो. लाद्या फोडून बर्फाचा भुगा मासळीवर पसरतात. मासळी तासन् तास टिकते ती निव्वळ बर्फ गार आहे म्हणून नव्हे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता गिळतो आणि तरीही त्याचे तापमान शून्यावरच राहते. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. हा अप्रकट उष्मा मोजला स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी, अठराव्या शतकात. त्यासाठी थर्मामीटर लागला, तो बिरुनींकडे नव्हता.

१०१७ मध्ये गझनीच्या महमूदने ख्वारिझ्म जिंकले आणि तिथल्या विद्वानांना आपल्याबरोबर गझनीला नेले. बिरुनी त्यांत होते. ते पाहुणे होते की कैदी, हे सांगणे कठीण. दोन्ही थोडेथोडे असावे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १०१८ मध्ये, काबूलजवळच्या एका खेड्यात त्यांना अक्षांश मोजायचे होते आणि जवळ एकही उपकरण नव्हते. त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या मागे वर्तुळाचा भाग आखला, त्यावर खुणा केल्या, ओळंबा सोडला आणि काम केले. आपल्या हालांविषयी त्यांनी तिथे लिहिले आहे, पण मोजमाप चुकवलेले नाही.

महमूदच्या स्वाऱ्यांमुळे त्यांना पंजाबपर्यंत येता आले. नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर उभे राहून, क्षितिज किती खाली झुकते तो कोन मोजून, त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली आणि ती आजच्या आकड्याच्या जवळ आली. ते संस्कृत शिकले, तेही पन्नाशीकडे झुकताना, आणि ते शिकणे किती अवघड गेले हे मोकळेपणाने सांगतात. पतंजलींचा योगावरचा ग्रंथ त्यांनी अरबीत आणला. उलट दिशेने युक्लिडची भूमिती संस्कृतात नेण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले होते.

१०३० मध्ये, महमूदच्या मृत्यूनंतर, त्यांचा हिंदुस्थानवरचा ग्रंथ पुरा झाला. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की महमूदने या देशाची भरभराट धुळीला मिळवली, लोकांना दाही दिशांना उधळून लावले, आणि त्यामुळेच इथल्या लोकांच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला आणि इथली विद्या सुलतानाचा हात पोहोचणार नाही अशा दूरच्या ठिकाणी निघून गेली. हे ते लिहीत होते त्याच सुलतानाच्या राजधानीत, त्याच्या मुलाच्या राज्यात, त्याच घराण्याच्या अन्नावर. महमूदच्या स्वाऱ्यांचे ओझे बिरुनींच्या माथी मारणारे मला भेटले आहेत. त्या स्वाऱ्यांवर पांघरूण घालायला बिरुनींचे नाव पुढे करणारेही भेटले आहेत. दोघांनीही तो ग्रंथ वाचलेला नसतो. बिरुनी हिंदू पंडितांवरही टीका करतात, ते परक्याला विद्या द्यायला राजी नाहीत म्हणून. आणि सुशिक्षित हिंदू एकच ईश्वर मानतो, मूर्ती सामान्य माणसाला आधार म्हणून असतात, हेही तेच आपल्या मुस्लिम वाचकांना समजावून सांगतात. धातू तोलताना एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्त पाणी घालून चालत नाही. माणसांविषयी लिहिताना त्यांनी तोच शिरस्ता ठेवला.

रमजानच्या महिन्यात या ग्रंथातले उपवासाचे प्रकरण मी दरवर्षी काढून वाचतो. हिंदूंमध्ये उपवास सक्तीचा नसून ऐच्छिक असतो, हा आपल्या रोजांहून असलेला फरक ते आधी सांगतात. मग उपवासाचे प्रकार, कोण किती वेळ उपाशी राहतो, कोणत्या महिन्यात कोणता उपवास, हे सांगतात. शुद्ध पक्षातली एकादशी वासुदेवाची असते आणि कार्तिकात देव झोपेतून उठतो, हेही त्यात आहे. ज्यांच्या शेजारी कार्तिकीचा उपवास धरला जातो आणि जे स्वतः रोजे धरतात, त्या रत्नागिरीच्या माणसाला हे प्रकरण फार ओळखीचे वाटेल.

आपल्या भागाचा उल्लेखही त्यात आहे. धारहून दक्षिणेला निघालो की मऱ्हाटदेश लागतो, आणि त्यापुढे पंचवीस फरसखांवर कोकण प्रांत, ज्याची राजधानी समुद्रकाठचे ठाणे. ठाण्याला तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. बिरुनी स्वतः इकडे आले नाहीत. लाहोर, मुलतान, सियालकोट अशी आपण पाहिलेली ठिकाणे ते सांगून टाकतात. कोकणाची माहिती सांगोवांगीची, आणि तिथे त्यांची थोडी फसगतही झालेली दिसते. कोकणच्या मैदानात शरभ नावाचा प्राणी असतो, त्याला चार पाय खाली आणि चार पायांसारखे काहीतरी पाठीवर असते आणि तो हत्तीला फाडतो, असे त्यांनी नोंदवले आहे. पुराणातला शरभ कोकणात येऊन राहिला! कोकणात मैदान कुठले, हा प्रश्नही आहेच. जे पारड्यात घालता आले नाही तिथे थोर माणूसही ऐकीव गोष्टीवर गेला.

जे तपासता येत होते ते मात्र त्यांनी सोडले नाही. पाचू नुसता दिसला तरी सापाचे डोळे फुटतात, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती आणि मोठमोठ्या ग्रंथांतही ती होती. म्हातारपणी रत्नांवर ग्रंथ लिहिताना बिरुनींनी ती पडताळून पाहिली. सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्या समोर पाचू हलवले, पाचूची पूड टाकली. हा प्रकार थंडीत आणि उन्हाळ्यात मिळून नऊ महिने चालला. सापाला काही झाले नाही. उलट त्याची नजर तीक्ष्ण झाली असेल तर असेल, अशा अर्थाचा टोला त्यांनी मारून ठेवला आहे. नागमण्याच्या गोष्टी अजून चवीने सांगणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगावेसे वाटते.

नमाजच्या वेळा सावलीवरून कशा काढायच्या, यावरही त्यांचा एक ग्रंथ आहे. त्यात एक किस्सा येतो. मशिदीतल्या एका माणसाने वेळ पाहण्याचे उपकरण वापरायला नकार दिला, कारण त्यावर रूमी म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या महिन्यांची नावे कोरलेली होती. बिरुनींनी त्याला विचारले की रूमी लोक जेवतातही, मग तू जेवणे सोडणार का? आज मोबाइलवर इफ्तारची वेळ पाहणाऱ्यांना हा वाद जुना वाटेल, पण त्याची नवी रूपे दरवर्षी चंद्र दिसण्याच्या सुमारास ऐकू येतात.

महमूदचा मुलगा मसऊद याला त्यांनी खगोलशास्त्रावरचा आपला सर्वांत मोठा ग्रंथ अर्पण केला. सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीभर चांदी पाठवली आणि बिरुनींनी आपल्याला तिची गरज नाही असे कळवून ती परत केली, असे सांगतात. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी आपल्या ग्रंथांची यादी केली तेव्हा ती ११३ भरली. त्यांतले बहुतेक हरवले. डोळे आणि कान कमजोर झाल्यावरही त्यांनी एका वैद्याच्या मदतीने औषधांवरचा ग्रंथ घेतला आणि त्यात एकेका वनस्पतीची नावे अनेक भाषांतून दिली.

गझनीतच १०४८ नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांचा अंत झाला. त्याची हकीकत याकूत या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. वलवालिजी नावाचे एक फकीह त्यांना भेटायला गेले तेव्हा बिरुनींची घरघर लागलेली होती, छाती भरून आली होती. तशा स्थितीत त्यांनी आईकडच्या आजीच्या वारसाहक्काचा हिशेब काढला. आपण मागे एकदा बोललो होतो, तो नीट समजावून सांगा म्हणाले. वारसाच्या वाटण्यांचे गणित शरीयतमधले सगळ्यांत किचकट गणित आहे. पाहुण्यांना दया आली. या घडीला हे कशाला, असे त्यांना वाटले. पण हे न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेले बरे, असे बिरुनींचे म्हणणे पडले. मग फकीहसाहेबांनी तो हिशेब सांगितला, बिरुनींनी तो पाठ म्हणून दाखवला, बरोबर असल्याची खात्री करून घेतली. पाहुणे निरोप घेऊन बाहेर पडले. रस्त्यात थोडे पुढे गेले नाहीत तोच घरातून रडण्याचा आवाज आला.